एजंटांसाठी ऑनलाइन टूल्स: कुठलं आधी, कुठलं नंतर आणि कुठे हमखास चुकतं

बोरिवली-दहिसर पट्ट्यात रिसेल आणि भाड्याचं काम करतो, त्यामुळे नवीन एजंट मुलं भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? विचारायच्या आधीच जाहिरातीच्या पोर्टलचं पॅकेज घेऊन झालेलं असतं, लीड म्हणजे चौकश्या यायला लागलेल्या असतात, आणि पार्टी (म्हणजे ग्राहक) "सीटीएस नंबर काय, ओसी आहे का" (जमिनीचा सरकारी नंबर आणि बिल्डिंगमध्ये राहायला परवानगीचा दाखला) विचारते तेव्हा उत्तर नसतं. टूल्स चांगलीच आहेत आणि बरीचशी फुकट आहेत, पण क्रम उलटा लागला की पैसे जातात आणि नाव पण जातं. म्हणून क्रमाने लिहितोय. आधी तपास, मग नोंद, मग फोटो, मग जाहिरात, आणि फॉलोअपचं सॉफ्टवेअर त्यानंतर.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

धंद्यासाठी वेगळा मोबाइल नंबर आणि वेगळं जीमेल खातं. घरच्या नंबरवर सुरू केलं की दोन वर्षांनी बदलता येत नाही, कारण सगळ्या बोर्डांवर आणि पोर्टलवर तोच गेलेला असतो. जीमेलसोबत १५ जीबी जागा फुकट मिळते, कागदांसाठी ती बरेच दिवस पुरते, व्हिडिओ मात्र त्यात कोंबू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच चालू करा, कारण त्या खात्यात लोकांची अॅग्रीमेंट असणार आहेत.

शिवाय एक लेसर मेजर, पीडीएफ स्कॅन करणारं एखादं अॅप (गुगल ड्राइव्हमध्येच स्कॅन आहे, वेगळं घ्यायची गरज नाही) आणि कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. सरकारी साइट मोबाइलवर उघडतात, पण टेबल अर्धं दिसतं आणि तिथेच चूक होते.

१. महारेराची साइट

नवीन प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायचे असतील तर एजंट म्हणून महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नोंदणी लागतेच. त्यासाठी आता ट्रेनिंग आणि परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि नोंदणी ५ वर्षांची असते. नोंदणी नसताना विक्री करून दिली तर रेरा कायद्यात दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, आणि तो वाढत वाढत त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणी संपायची तारीख गुगल कॅलेंडरमध्ये तीन महिने आधीच्या रिमाइंडरसकट टाका.

बिल्डरने ब्रोशर पाठवलं की ते लगेच पुढे पाठवू नका. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका आणि या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा:

- पूर्ण करायची तारीख, आणि ती किती वेळा पुढे गेली
- नोंदणी चालू आहे की मुदत संपली
- कुठल्या मजल्यापर्यंत सीसी (बांधकामाची परवानगी) आहे
- जमिनीवर कर्ज किंवा कोर्टात दावा दाखवलाय का
- एजंटांच्या यादीत तुमचं नाव आहे का

मजल्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. सेल्स ऑफिसमध्ये विसाव्या मजल्याचा व्ह्यू दाखवतात आणि सीसी असते बाराव्यापर्यंत, पार्टी टोकन देऊन बसते आणि नंतर फोन तुम्हाला येतो.

लक्ष द्या: १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टच्या जाहिरातीत महारेरा नंबरासोबत क्यूआर कोड लागतो, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कॅनव्हात बनवलेली इन्स्टाग्रामची पोस्ट ही पण जाहिरातच. कोड इतका मोठा ठेवा की दुसऱ्या मोबाइलने स्कॅन होतो, पोस्ट टाकण्याआधी स्वतः स्कॅन करून बघा.

२. रिसेल फ्लॅटचा ऑनलाइन तपास

ही पायरी सगळ्यात जास्त एजंट सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

*गाव आणि सीटीएस नंबर आधी शोधा.* नोंदणीच्या रेकॉर्डला बोरिवली वेस्ट, लिंक रोड वगैरे काही कळत नाही, तिथे महसुली गाव चालतं. बोरिवली पश्चिमेला एक्सर, मंडपेश्वर, शिंपोली, पूर्वेला मागाठाणे, कान्हेरी. (यातली तीन नावं मेट्रो २ए ची स्टेशनं झाल्यामुळे नवीन मुलांना निदान ओळखीची तरी झाली.) उपनगरात सीटीएस नंबर असतो, दादर-गिरगावकडे म्हणजे मुंबई शहरात सीएस नंबर. मालकाच्या अॅग्रीमेंटच्या शेवटी मालमत्तेचं शेड्यूल असतं, त्यात गाव आणि नंबर दोन्ही सापडतात. ते पान स्कॅन करून घ्या, बाकी सगळा तपास त्याच्यावर चालतो.

*मग आयजीआर महाराष्ट्रची (नोंदणी आणि मुद्रांक विभाग) मोफत ई-सर्च.* मुंबई निवडा, वर्ष टाका, गाव निवडा, मालमत्ता क्रमांकाच्या जागी सीटीएस नंबर टाका. कॅप्चा कधी कधी दोनदा मागतो, पहिल्यांदा काही आलं नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. सीटीएस ४५/बी असेल तर नुसतं ४५ टाकून पण बघा, कारण नोंदवताना लोकांनी वाट्टेल तसं लिहिलेलं असतं. यादी आली की वर्णनाच्या रकान्यात बिल्डिंगचं नाव आणि फ्लॅट नंबर शोधायचा आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) उघडायचा. तो नवीन विंडोत येतो, पॉप-अप ब्लॉक असेल तर काहीच उघडत नाही आणि लोक साइट बंद आहे म्हणून सोडून देतात.

इंडेक्स टू मध्ये देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त नंबर आणि तारीख असते. मालक म्हणून जो माणूस तुमच्यासमोर बसलाय त्याचं नाव शेवटच्या दस्तात घेणारा म्हणून आहे का बघा. दोन नावं असतील तर दोघांची संमती लागणार, हे आधीच कळतं.

क्षेत्रफळाचं एक उदाहरण देतो. एक्सरला एक काका ७८० फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) सांगत होते, अगदी मनापासून, कारण वीस वर्षं त्यांनी तेच ऐकलेलं. इंडेक्स टू मध्ये ५४.८३ चौरस मीटर, आणि पुढे शब्द होता बिल्ट-अप (भिंतींसकट). १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ५९० फूट बिल्ट-अप, आणि १.२ ने भागलं की कार्पेट साधारण ४९२. लेसर मेजरने मोजलं तर जवळपास तेवढंच आलं. ७८० चा आकडा सुपर बिल्ट-अप (जिना, लिफ्ट वगैरेचा वाटा धरून) होता. तो आकडा मी पोर्टलवर टाकला असता तर पहिल्याच व्हिजिटला पार्टीने खोली मोजून विश्वास सोडला असता, आणि काकांनी भाव ज्या हिशोबाने ठरवला होता तो पण आधीच बसून नीट समजावता आला, भांडण झालं नाही.

*मग रेडी रेकनर.* आयजीआरच्याच साइटवर ई-एएसआर म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावांची यादी आहे, तिथे पण गाव आणि सीटीएस लागतो. स्टॅम्प ड्युटी व्यवहाराची किंमत आणि रेकनरप्रमाणे येणारी किंमत यातली जी जास्त तिच्यावर लागते. मुंबईत ६ टक्के, महिलेच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ५ टक्के, आणि ३० लाखांच्या वर नोंदणी फी ३०,००० रुपये. १ कोटी १० लाखांच्या फ्लॅटला ६ टक्क्यांनी ६,६०,००० होतात, महिलेच्या नावाने ५,५०,०००. हा १,१०,००० चा फरक पार्टीला पहिल्या मीटिंगमध्ये सांगा, टोकननंतर कळलं तर तुम्ही लपवलं असंच वाटतं.

*बाकीचं पटकन.* महाभूमीवर मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड बघा, जमीन अजून बिल्डरच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही असं समजून सोसायटीला विचारा. फ्लॅटवर लोन आहे का यासाठी सरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंद) साइटवर किरकोळ फी भरून शोध घेता येतो. बीएमसीच्या साइटवर प्रॉपर्टी टॅक्सची थकबाकी दिसते. बिल्डिंग जुनी आणि रस्त्याला लागून असेल तर डीपी २०३४ (शहराचा विकास आराखडा) चा रिमार्क पण बघा, रस्ता रुंदीकरणाची रेघ कुठून जाते ते कळतं.

चेक: पुढे जाण्याआधी हातात हवं: शेड्यूलचं पान, शेवटचा इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेटचा फोटो, ओसी आहे की नाही याचं स्पष्ट उत्तर. यातलं एक जरी नसेल तरी पोर्टलकडे जाऊ नका.

लक्ष द्या: हा तपास म्हणजे वकिलाचा टायटल सर्च (मालकी हक्काचा तपास) नाही. पार्टीला "मी सगळं चेक केलंय, क्लिअर आहे" असं व्हॉट्सअॅपवर लिहून देऊ नका. काय बघितलं आणि कुठल्या तारखेला बघितलं तेवढंच लिहा.

३. गुगल शीट

माझ्याकडे काम शिकायला आलेल्या मुलाचा मोबाइल बघितला होता, साडेतीन हजार कॉन्टॅक्ट, नावं "शहा २बीएचके", "शहा २बीएचके नवीन", "शहा चारकोप", आणि त्यातला कोण विकणारा, कोण घेणारा, कोण कधी बोललेला, काही पत्ता नाही. एवढी माणसं जोडलेली असून हातात काही नव्हतं. दोन दिवस बसून आम्ही तीन शीट बनवल्या.

पहिली शीट मालाची. कोड, बिल्डिंग, गाव आणि सीटीएस, कार्पेट (मोजलेलं), मालकाची अपेक्षा, कागद काय काय बघितले, चावी कुणाकडे, मालकाशी शेवटचं बोलणं कुठल्या तारखेला. हा तारखेचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, १५ दिवसांपेक्षा जुनी तारीख झाली की ओळ लाल. लाल ओळीतला फ्लॅट मालकाला फोन केल्याशिवाय कुणालाही सुचवायचा नाही. विकला गेलेला फ्लॅट दाखवायला घेऊन जाण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, पार्टी रजा टाकून आलेली असते.

दुसरी शीट पार्टीची: बजेट (लोनसकट की स्वतःचं किती), लोन मंजूर आहे का, कुठली स्टेशनं चालतील, कधीपर्यंत हवंय, कुठून आली. गुगल फॉर्म बनवून पाठवला तर पार्टी स्वतःच भरते आणि शीटमध्ये आपोआप येतं, पण फॉर्म सहा-सात प्रश्नांचाच ठेवा, वीस प्रश्न कुणी भरत नाही. वयस्कर पार्टीला फॉर्म नकोच, फोनवर बोलून तुम्हीच भरा.

तिसरी व्हिजिटची: कोणी, काय, कधी बघितलं आणि नाही का म्हटलं. नकाराचं कारण पार्टीच्याच शब्दांत लिहा, "किचनला खिडकी नाही" असं. पंधरा नकार वाचले की त्या माणसाला काय हवंय ते त्याच्या बजेटपेक्षा जास्त कळतं.

बजेट, स्टेशन, बीएचके हे कॉलम ड्रॉपडाउनने भरा. हाताने टाइप केलं की कुठे बोरिवली, कुठे बोरीवली, कुठे बोरिवली वे. आणि फिल्टर लावला की निम्मी माणसं गायब.

४. फोटो आणि व्हिडिओ

सकाळी जा, सगळे दिवे लावा, फोटो आडवे काढा. मोबाइलची वाइड लेन्स म्हणजे ०.५ वापरू नका, नऊ बाय दहाची बेडरूम हॉलसारखी दिसते आणि पार्टी दारातच नाराज होते. स्नॅपसीडमध्ये उजेड वाढवा आणि वाकड्या भिंती सरळ करा, बस. ओल आलेली असेल तर ती पुसून टाकू नका.

फोटोत मालकाच्या मुलांचे फोटो, दारावरची नावाची पाटी, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर येता कामा नयेत. एका मिनिटाचा व्हिडिओ गेटपासून सुरू करा, लिफ्ट, पॅसेज, दार, हॉल, शेवटी खिडकीतून बाहेर. मुंबईत खिडकीबाहेर काय आहे ते बघूनच लोक निर्णय घेतात.

फोल्डरला शीटमधलाच कोड द्या.

५. व्हॉट्सअॅप बिझनेस

साध्या व्हॉट्सअॅपवरून यावर या, फुकट आहे. आधी लेबलं बनवा: नवीन, व्हिजिट ठरली, विचार करतायत, टोकन, मालक. मग क्विक रिप्लाय: व्हिजिटला काय आणायचं, ब्रोकरेज किती आणि कधी, कागदपत्रांची यादी. ब्रोकरेज लेखी पाठवायची सवय यामुळे लागते आणि शेवटच्या दिवशीचा वाद टळतो.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या फोनलाच "नंबर सेव्ह करून ठेवा" सांगा. आणि सगळ्यांना सगळे फ्लॅट पाठवू नका, ४०,००० भाडं शोधणाऱ्याला दीड कोटीचा फ्लॅट गेला की तो तुम्हाला म्यूट करतो आणि मग त्याच्या कामाचा फ्लॅट पण त्याला दिसत नाही.

लक्ष द्या: विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्या घेऊ नका. डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) लावलेल्या माणसाला जाहिरातीचा फोन गेला तर तो १९०९ वर तक्रार करतो आणि तुमचा नंबर बंद होऊ शकतो.

६. आता पोर्टल

९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाऊसिंग डॉट कॉम, यापैकी एकच आधी घ्या आणि सगळ्यात छोटं पॅकेज घ्या. तुमच्या एरियातल्या दहा लिस्टिंग वाचा, कुठे जास्त खऱ्या लिस्टिंग आहेत ते अर्ध्या तासात कळतं. नोब्रोकर मालक-भाडेकरू थेट जोडण्यासाठी आहे, तिथे एजंट म्हणून माल शोधत बसण्यात वेळ जातो.

लिस्टिंगमध्ये मोजलेलं कार्पेट, खरा भाव, मजला, ओसी आहे की नाही, मेंटेनन्स किती. "स्टेशनपासून ५ मिनिटं" लिहिण्याआधी गुगल मॅप्सवर चालत जाण्याचं अंतर बघा, आणि रिक्षाने असेल तर रिक्षाने असं लिहा. ऑफिसला किती वेळ लागेल ते पार्टी विचारतेच, मॅप्समध्ये निघायची वेळ सकाळी साडेआठ टाकून बघा, दुपारी तीनला बघितलेला आकडा सांगू नका.

चौकशी आली की लगेच फोन करा, बहुतेक वेळा त्या पार्टीने आणखी चार एजंटांना पण विचारलेलं असतं. फ्लॅट गेला की लिस्टिंग त्याच दिवशी काढा. गेलेला फ्लॅट मुद्दाम ठेवून लीड गोळा करणारे आहेत, तसं करू नका, त्यामुळेच लोक एजंट म्हटलं की फोन ठेवतात.

गुगल बिझनेस प्रोफाइल पण याच टप्प्यावर काढा, फुकट आहे. घरून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सर्व्हिस एरिया दाखवता येतो.

७. सीआरएम (फॉलोअपचं सॉफ्टवेअर) कधी

शीटमध्ये चालू पार्ट्या तीनशेच्या वर गेल्या किंवा तुमच्यासोबत दुसरा माणूस फोन करायला लागला तर. त्याआधी नाही. झोहो सीआरएम ३ जणांपर्यंत फुकट आहे, तिथून सुरुवात करा. बिल्डरचं मोठं काम असेल तर सेलडूसारखं रिअल इस्टेटचं खास सॉफ्टवेअर उपयोगी पडतं, एकट्या एजंटला नाही.

मी एका कंपनीचं सॉफ्टवेअर वर्षाचे पैसे भरून घेतलं आणि मोबाइलमधले सगळे कॉन्टॅक्ट जसेच्या तसे आत टाकले. एकाच माणसाची तीन नावं होती, ऑटोमॅटिक मेसेज चालू होता, दिवाळीच्या शुभेच्छा एकेकाला तीन-तीनदा गेल्या आणि एका जुन्या मालकाच्या वडिलांच्या नावाने पण गेल्या, जे त्याच वर्षी वारले होते. मी घरी जाऊन माफी मागितली. म्हणून आधी शीटमध्ये डुप्लिकेट काढा, मग पन्नासच नावं आत टाकून आठवडाभर चालवा, ऑटोमॅटिक मेसेज पहिला महिना बंद ठेवा.

८. भाड्याचं अॅग्रीमेंट ऑनलाइन

पहिला गैरसमज, ११ महिन्यांचं असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवलेलं नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे वाक्य मालकाला सांगितलं की नोटरीवर भागवू असं कुणी म्हणत नाही.

क्रम असा:

१. दोन्ही बाजूंची आणि दोन ओळखदारांची नावं आधारवर जशी आहेत तशी लिहून घ्या. आधार-मोबाइल लिंक आहे का विचारा.
२. आयजीआरच्या ई-रजिस्ट्रेशनमध्ये एंट्री सुरू करा. टोकन नंबर आणि पासवर्ड लगेच शीटमध्ये नोंदवा, हरवला तर सगळं पुन्हा.
३. मालमत्ता, भाडं, डिपॉझिट, मुदत, अटी भरा आणि मसुदा पीडीएफ करून दोघांना पाठवा. दोघांचं "ओके" लेखी आल्याशिवाय पैसे भरू नका.
४. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी ग्रासवर (सरकारची ऑनलाइन भरणा साइट) भरा. ड्युटी ०.२५ टक्के, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर. ४०,००० भाडं, ११ महिने, दीड लाख डिपॉझिट असेल तर ४,४०,००० अधिक १३,७५०, म्हणजे ड्युटी साधारण १,१३५ रुपये. नोंदणी फी मुंबईत १,०००.
५. बोटाचे ठसे आणि फोटो. वयस्कर मालकांचे ठसे उमटत नाहीत, दहाही बोटं करून बघा, हात कोमट पाण्याने धुऊन पुसून घ्या, घाई करू नका.
६. सबमिट, आणि रजिस्ट्रारकडून मंजूर झालं की पीडीएफ डाउनलोड.

चेक: पैसे भरायच्या आधी तारीख, फ्लॅट नंबर, विंग, पिनकोड मोठ्याने वाचा. विंग चुकली तर सोसायटी अॅग्रीमेंट घेत नाही.

त्यानंतर भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या साइटवर भरा आणि त्याची पावती मालकाला आणि सोसायटीला द्या.

९. व्यवहार झाल्यावर

विक्री ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, त्याची आठवण दोघांना मेसेजने करा, घेणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. तुमच्या ब्रोकरेजचं बिल कोडसकट फोल्डरमध्ये ठेवा.

आधार-पॅनच्या कॉपी चॅटमध्ये आणि गॅलरीत पडून राहतात, त्या काढा. यापुढे मास्क्ड आधार (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं) मागा, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. जी कॉपी ठेवावीच लागते ती फोल्डरमध्ये, आणि फोल्डरचं शेअरिंग "लिंक असलेला कुणीही" वर नाही ना ते बघा.

पोर्टलवरची लिस्टिंग काढा, ब्रॉडकास्टमधून त्या पार्टीला काढा, मालाच्या शीटमध्ये ओळ "झाला" करा. चावी परत दिली की तारीख टाका आणि मालकाकडून चावी मिळाल्याचा मेसेज मागून घ्या.